दोन चंद्रांचं पंचांग: कल्पित जगाचं आकाश आणि ज्योतिष कसं रचावं

संकष्टी करणाऱ्या घरात चंद्रोदयाची वेळ सकाळीच पंचांगात बघून ठेवतात. रात्री नऊ-साडेनऊच्या आगेमागे. पौर्णिमेला तोच चंद्र दिवेलागणीला वर आलेला असतो. ज्या घरात हे दर महिन्याला चालतं, त्या घरातला वाचक कादंबरीत ‘मध्यरात्री पूर्वेला चंद्राची कोवळी कोर उगवली’ असं वाचतो आणि तिथंच अडखळतो. कोवळी कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते, झिजलेली कोर पहाटे पूर्वेला. मध्यरात्री उगवणारा चंद्र अर्धा असतो, कृष्ण अष्टमीच्या आसपासचा. ग्रह कल्पित घ्या, तारा कल्पित घ्या, चंद्र दोन घ्या, हे बदलत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनावरून कला ठरते आणि उगवायची वेळही त्याच कोनावरून.

दाते पंचांग सोलापुरातून निघतं, तेव्हा उदाहरणंही इथलीच घेऊ. फलज्योतिषाला वैज्ञानिक आधार नाही, आणि इथे तो वाद घालायचाही नाही. पण पंचांग म्हणजे चोख हिशेब आहे, आणि त्या हिशेबात कुठेही पुरता भाग जात नाही. वर्षात पूर्ण महिने बसत नाहीत, महिन्यात पूर्ण दिवस बसत नाहीत. अधिक मास, क्षय तिथी, साडेसाती हे सगळं त्या उरलेल्या बाकीतून आलं. कल्पित जगाचं ज्योतिषही बाकीतूनच काढावं. आधी ‘मंगळासारखा तापट ग्रह’ ठरवून मग आकाश रचायला बसलं की ते चिकटवलेलं दिसतं.

तारा, अंतर, वर्ष

एक जग शेवटपर्यंत मांडून बघू. ग्रहाचं नाव मृण्मयी, ताऱ्याचं केशर. कॅल्क्युलेटर लागेल, बाकी काही नाही.

केशरचं वस्तुमान सूर्याच्या ०.८ पट धरा. सूर्याच्या अर्ध्या ते दुप्पट वस्तुमानाच्या ताऱ्यांसाठी ढोबळ नियम असा: वस्तुमानाचा चौथा घात म्हणजे तेज. ०.८ चार वेळा गुणलं की ०.४१. ग्रहाला पृथ्वीइतकीच ऊब मिळायची तर अंतर तेजाच्या वर्गमूळाइतकं हवं, म्हणजे ०.६४ (पृथ्वी–सूर्य अंतर १ धरून). आता केप्लरचा तिसरा नियम: अंतराचा घन करा, ताऱ्याच्या वस्तुमानाने भागा, वर्गमूळ काढा. ०.२६२ भागिले ०.८ म्हणजे ०.३२८, त्याचं वर्गमूळ ०.५७२. गुणिले ३६५.२५ केलं की वर्ष आलं: २०९ दिवस. दिवस आपल्यासारखाच २४ तासांचा ठेवला आहे.

इथे पहिली चूक होते. तारा लहान घेतला, अंतर कमी केलं आणि वर्ष मात्र ३६५ दिवसांचंच राहिलं. दुसरी चूक तिच्याच पोटातली: वर्ष २०९ दिवसांचं केलं, पण नायिका ‘सोळा वर्षांची’ ठेवली. मृण्मयीवरची सोळा वर्षं म्हणजे आपली नऊ. तिथला पन्नाशीचा माणूस त्यांच्या मोजणीने सत्त्याऐंशी वर्षांचा असतो. वय, कर्जाची मुदत, राजाची कारकीर्द, सगळे आकडे एकदा १.७५ ने गुणून घ्या.

रंगाबद्दल एक वाक्य. असा तारा किंचित पिवळट दिसेल, पण पिवळ्या बल्बच्या उजेडापेक्षा पुष्कळ पांढरा. ‘तांबडी दुपार’ लिहू नका. ती सोलापुरात मे महिन्यातही नसते.

चंद्र किती लांब, किती मोठा

ग्रहाच्या फार जवळचा चंद्र भरती-ओहोटीच्या ताणाने फुटतो, फार लांबचा चंद्र तारा ओढून नेतो. लांबची हद्द काढता येते: ग्रहाचं वस्तुमान भागिले ताऱ्याच्या वस्तुमानाची तिप्पट, त्याचं घनमूळ, गुणिले ग्रह–तारा अंतर. मृण्मयी पृथ्वीइतकी जड धरली तर हे सुमारे १०.३ लाख किलोमीटर येतं. या हद्दीच्या निम्म्याच्या आत चंद्र टिकतो, म्हणजे मर्यादा पाच लाख. आपण एक चंद्र २ लाखांवर ठेवू, दुसरा ४ लाखांवर. आपला चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर २७.३२ दिवसांत फेरी मारतो. त्या प्रमाणात जवळचा १०.२५ दिवसांत फिरेल आणि लांबचा २९ दिवसांत. तिथले लोक त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात. ज्योतिषांनी पुढे दोघींना जावा करून टाकलंच असेल.

चंद्र किती मोठा दिसतो हे वाचकाच्या हातात द्यायचं असेल तर धान्य वापरा. हात लांब करून चिमटीत मालदांडी ज्वारीचा एक टपोरा दाणा धरा. साठ सेंटिमीटरवरचा पाच मिलिमीटरचा दाणा अर्धा अंश व्यापतो, तेवढाच आपला चंद्र आणि तेवढाच सूर्य. थोरलीचा व्यास २,४०० किलोमीटर धरला तर ती ०.६९ अंश दिसेल: हरभऱ्याचा दाणा. धाकटी ९०० किलोमीटरची, ०.१३ अंशाची: नाचणीचा दाणा. केशर लहान असला तरी जवळ आहे, म्हणून ०.६६ अंशाचा दिसतो. थोरली त्याला जेमतेम झाकते, म्हणजे खग्रास सूर्यग्रहण होतं. धाकटी कधीच झाकू शकत नाही. ती गेली की सूर्यावर तीळ दिसतो. हे आकडे न काढता ‘आकाशाचा पाव भाग व्यापणारा चंद्र’ लिहिला जातो, पण तेवढा चंद्र किनाऱ्यावर गाव राहू देणार नाही. घनता सारखी असेल तर भरतीचा जोर चंद्राच्या दिसण्याच्या आकाराच्या घनाप्रमाणे वाढतो. थोरली आपल्या चंद्रापेक्षा १.३३ पट मोठी दिसते, म्हणून तिची भरती सुमारे २.३ पट. त्यात केशरचा ओढा सूर्याच्या तिप्पट. दोन्ही मिळून उधाणाची भरती आपल्या अडीच पट येते. सोलापूरकरांना समुद्राशी देणंघेणं नसलं तरी तुमच्या कथेतल्या बंदराला आहे.

आणखी एक: धाकटी लांबची आहे. ती थोरलीच्या मागून जाईल, पुढून कधीच नाही.

तिथी कापायची कुठे

फेरी १०.२५ दिवसांची असली तरी अमावास्या ते अमावास्या जास्त लागतात, कारण मधल्या काळात सूर्यही पुढे सरकलेला असतो. १०.२५ गुणिले २०९, भागिले (२०९ वजा १०.२५): उत्तर १०.७८ दिवस. हा थोरलीचा महिना. धाकटीचा याच रीतीने ३३.६७ दिवसांचा.

आपल्याकडे तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं १२ अंशांचं अंतर. तीस तिथी, सरासरी दिवसापेक्षा किंचित लहान. सूर्योदयाला जी तिथी चालू ती त्या दिवसाची, हा नियम धरला की कधी एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपते: क्षय. कधी दोन सूर्योदय गाठते: वृद्धी. मृण्मयीवर १२ अंशांच्याच तीस तिथी ठेवल्या तर दिवसाला जवळजवळ तीन तिथी होतील आणि पुरोहिताला वेड लागेल. तिथी दिवसाच्या जवळपास राहिली पाहिजे, आणि पक्ष दोन असल्याने तिथींची संख्या सम हवी. म्हणजे दहा किंवा बारा. बारा केल्या तर तिथी ०.९ दिवसाची, दर महिन्याला किमान एक क्षय. दहा केल्या तर ३६ अंशांची तिथी १.०८ दिवसाची, आणि पाचांतल्या चार महिन्यांत एकेक वृद्धी. दहा बऱ्या वाटतात. तिथे पंचमीलाच पौर्णिमा येते! आणि ज्या समाजात जवळजवळ दर महिन्याला एक तिथी दोनदा येते, तिथे ‘दुसरी चतुर्थी’ या दिवसाला आपोआप अर्थ चिकटतो: हिशेब पुढे ढकलायचा दिवस, न मोजायचा दिवस. हा अर्थ लेखकाला डोक्यातून काढावा लागला नाही, बाकीतून मिळाला.

संकष्टीचंही बघा. आपला चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, थोरली रोज दोन तास सत्तावीस मिनिटं. पौर्णिमेला सहाला उगवली तर दुसऱ्या दिवशी साडेआठला, तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला. चंद्र बघून उपास सोडायचा असेल तर तो पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी ठेवावा. चौथ्या दिवशी ठेवला तर ताट पहाटे दीडला पुढे येईल.

नक्षत्रांची गोष्ट सोपी. आपला चंद्र ताऱ्यांमधून २७.३२ दिवसांत फिरतो म्हणून नक्षत्रं २७, प्रत्येक १३ अंश २० कलांचं. थोरली १०.२५ दिवसांत फिरते, म्हणून दहा नक्षत्रं, ३६ अंशांची.

आता अधिक मास. २०९ दिवसांत थोरलीचे १९ महिने बसतात आणि सव्वाचार दिवस उरतात. साधारण अडीच वर्षांत एक महिना साठतो, बारकाईने बघितलं तर अठरा वर्षांत सात. आपल्याकडे एकोणीस वर्षांत सात असतात. अधिक घातलाच नाही तर सण ऋतूंमधून फिरत राहतात, मोहरम आपल्याकडे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो तसे. दोन्ही पद्धती खऱ्या समाजांनी वापरल्या आहेत. तुमच्या दोन राज्यांना एकेक देऊन टाका. सूर्यावर बांधलेला सण मात्र हलत नाही: सोलापुरातली सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा संक्रांतीची म्हणून दर वर्षी जानेवारीच्या मध्यालाच भरते, आणि गुढीपाडवा मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मागेपुढे होतो. कल्पित पंचांगात दोन्ही जातींचे सण हवेत. सगळेच सण ठरलेल्या तारखेला आले की ते सरकारी सुट्ट्यांच्या यादीसारखं वाटतं.

दोन चंद्रांचं मोठं बक्षीस म्हणजे जोडपौर्णिमा. चादरीच्या मागावर दोन वेगवेगळ्या लांबीच्या नक्ष्या शेजारी चालवल्या तर त्या दोघी एकत्र कधी सुरू होतील, तसलाच हिशेब. धाकटीचे आठ महिने २६९.४ दिवस, थोरलीचे पंचवीस महिने २६९.५ दिवस. जवळजवळ जुळलं! म्हणजे दर २६९ दिवसांनी दोघी एकाच रात्री पूर्ण. वर्षापेक्षा हे साठ दिवसांनी जास्त, म्हणून जोडपौर्णिमा प्रत्येक वेळी पुढच्या ऋतूत पडते. एकदा सुगीत, पुढे थंडीत, मग उन्हाळ्यात. सुगीतली जोडपौर्णिमा शुभ आणि उन्हाळ्यातली दुष्काळाची, असं शेतकरी म्हणणारच.

राहू दोन, केतू दोन

चंद्राची कक्षा सूर्यमार्गाला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. प्रत्येक चंद्राची कक्षा वेगळी, म्हणून मृण्मयीवर छायाग्रह चार. हे बिंदू उलटे सरकतात. एका फेरीचा काळ ढोबळमानाने असा: वर्षाच्या दिवसांचा वर्ग, भागिले चंद्राच्या फेरीचे दिवस, गुणिले चार तृतीयांश. आपल्या चंद्रासाठी हे सूत्र पावणेअठरा वर्षं देतं, खरा आकडा १८.६, एवढी चूक कथेत खपते. थोरल्या राहूला त्यांची सत्तावीस वर्षं लागतात, धाकट्याला साडेनऊ.

कक्षेचा कल शून्य ठेवू नका. तसं केलं तर दर अमावास्येला सूर्यग्रहण आणि दर पौर्णिमेला चंद्रग्रहण. मग ग्रहणाची भीती कशी राहणार? कल आपल्यासारखा ५ अंश ठेवला तरी थोरली जवळ असल्याने ग्रहाच्या रुंद सावलीत वारंवार सापडते: चारांतल्या एका पौर्णिमेला. १० अंश केला तर आठ-नऊ पौर्णिमांत एक, म्हणजे आपल्याएवढं. इथे १० घेतला.

ग्रह आणि त्यांचे स्वभाव

तीन ग्रह पुरेत. ०.३८ अंतरावर दिवली, ३ वर पाटील, ५.४ वर सावकार. फेरीचा नियम तोच, केप्लरचा.

दिवली आतल्या बाजूची आहे, म्हणून सूर्यापासून ३६ अंशांपलीकडे कधीच जात नाही. सूर्य मावळल्यावर जास्तीत जास्त अडीच तासांत तीही मावळते. मध्यरात्री डोक्यावर आलेली दिवली ही हमखास होणारी चूक. आपला शुक्रही मध्यरात्री डोक्यावर दिसत नाही. तिचा स्वभाव या मर्यादेतूनच येतो: उंबऱ्याबाहेर न जाणारी, दिवेलागणीची, घर राखणारी.

पाटलाला फेरीला त्यांची १०.१५ वर्षं लागतात, म्हणजे एका नक्षत्रात साधारण एक वर्ष. आपल्या गुरूचं राशींशी हेच नातं आहे, आणि गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो. पाटील दर २३२ दिवसांनी वक्री होतो, म्हणजे ताऱ्यांमधून उलटा चालताना दिसतो, आणि बाहेरचा ग्रह वक्री असतो तेव्हाच सर्वांत तेजस्वी असतो, सूर्यास्ताला उगवून रात्रभर दिसतो. ‘पाटील वक्री झाला आणि दिसेनासा झाला’ असं लिहू नका. दिसेनासा होतो तो अस्त, आणि तो सूर्याच्या पलीकडे गेल्यावर.

सावकार साडेचोवीस वर्षांचा. एका नक्षत्रात २.४५ वर्षं, जन्मनक्षत्राच्या मागचं-पुढचं धरून तीन नक्षत्रांत ७.३५. आपली शनीची साडेसाती अशीच बनते: साडेएकोणतीस वर्षं भागिले बारा राशी, गुणिले तीन. मृण्मयीवर तिला सव्वासाती म्हणत असतील. मात्र आपल्या मापाने ती सव्वाचारच वर्षांची. शिवाय सावकार वक्री होऊन मागच्या नक्षत्रात परत येतो, म्हणजे सुटलो म्हणून पेढे वाटलेल्या माणसाच्या दारात पुन्हा उभा. नाव उगीच दिलेलं नाही.

आठवडा रचताना लेखक फसतात. आपल्या वारांचा क्रम असा आला: ग्रह मंद ते वेगवान मांडायचे (शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र), दिवसाच्या २४ होऱ्यांना (तासांना) क्रमाने वाटायचे, आणि पहिल्या होऱ्याचा ग्रह तो वार. २४ ला ७ ने भागलं की बाकी ३, म्हणून रवीनंतर तीन घरं पुढचा चंद्र, मग मंगळ. मृण्मयीवर डोळ्यांना दिसणारे स्वामी सहा: सावकार, पाटील, केशर, दिवली, धाकटी, थोरली. २४ भागिले ६, बाकी शून्य. सगळे वार एकाच ग्रहाचे! होरे २० केले तर बाकी २, तीनच ग्रहांना वार मिळतात. सहा स्वामी असतील तर बाकी १ किंवा ५ च चालते. आपण दिवसाचे २५ होरे करू, प्रत्येक साधारण अठ्ठावन्न मिनिटांचा, आणि आठवडा सहा दिवसांचा सरळ क्रमाने.

दशेसाठी, म्हणजे आयुष्याचे तुकडे एकेका ग्रहाला वाटून देण्यासाठी, सहा दिसणारे आणि चार छायाग्रह मिळून दहा स्वामी, आणि नक्षत्रंही दहा. नशिबाने जुळलं; जुळलं नसतं तर २७ नक्षत्रांना ९ स्वामी तीनदा फिरवतात तसा पट शोधावा लागला असता. आपल्याकडच्या विंशोत्तरी दशेची बेरीज १२० वर्षं आहे. तेवढंच आयुष्य मृण्मयीच्या मापाने २१० वर्षं. वाटप असं चालेल: केशर १०, थोरली १८, धाकटी २२, दिवली ३०, पाटील २८, सावकार ३४, थोरला राहू २७, थोरला केतू १२, धाकटा राहू १९, धाकटा केतू १०. थोरली एक नक्षत्र साडेचोवीस तासांत ओलांडते, त्यामुळे जन्मवेळ तासाभराने चुकली की सावकाराची दशा सव्वा वर्षाहून जास्त सरकते. सुईण आणि ज्योतिषी यांचं भांडण इथे आयतं तयार आहे.

वहीत कसं ठेवायचं

एक्सेलच्या पहिल्या रकान्यात दिवसाचा क्रमांक, शून्यापासून. पुढच्या प्रत्येक रकान्यात एकेक गोल: दिवस गुणिले ३६०, भागिले फेरीचे दिवस, अधिक सुरुवातीचा कोन, आणि ३६० ने भागून उरलेली बाकी. थोरलीतून सूर्य वजा करा, ऋण आलं तर ३६० मिळवा, ३६ ने भागा, पूर्णांकात १ मिळवा: तिथी. थोरलीचा कोन ३६ ने भागला की नक्षत्र. पाटील आणि सावकारासाठी हा सरळ हिशेब फक्त सरासरी जागा देतो. वक्री गती किंवा दिवलीची जागा हवी असेल तर ग्रहाची आणि मृण्मयीची जागा कागदावर काढून रेघ ओढावी लागते.

गावाप्रमाणे सूर्योदय बदलतो हे विसरू नका. सोलापूरची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सव्वीस मिनिटं मागे आहे. प्रमाणवेळ नसलेल्या जगात पूर्वेच्या गावात सूर्योदयाला चतुर्थी आणि पश्चिमेच्या गावात पंचमी, म्हणजे एकच सण दोन दिवशी. अक्षांशही ठरवा. सोलापूर १७ अंश ४० कलांवर आहे म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला भरदुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. मृण्मयीच्या अक्षाचा कल १० अंश धरला तर याच अक्षांशावरच्या गावात तो दिवस कधीच येणार नाही, आणि ऋतूही मवाळ असतील.

शेवटी पंचांगाला तडा कुठे जातो ते बघा. अठरा वर्षं म्हणजे ३,७६२ दिवस, आणि थोरलीचे ३४९ महिने म्हणजे ३,७६१.७४ दिवस. पाव दिवसाचा फरक. बहात्तर वर्षांत तो एक दिवस होतो, म्हणजे आपली एक्केचाळीस वर्षं. आजोबांनी पाठ केलेल्या कोष्टकात अमावास्या आज असते, आणि नातू गच्चीवरून बघतो तेव्हा ती कालच होऊन गेलेली असते.